काटकसर एकट्या स्वयंपाकघरानेच का करायची?

‘कितीही काटकसर केली तरी महिन्याच्या २० तारखेनंतर हात आखडतो आणि त्यावरून घरात रोज कुरबुर होते. आमचं चुकतंय कुठे?’ कौटुंबिक समुपदेशनात हा प्रश्न फार वेळा येतो. विचारणारी बहुतेक वेळा बाई असते आणि त्या प्रश्नाच्या पोटात दुसरा दडलेला असतो: ‘मीच उधळी आहे का?’ याचं उत्तर एका कुटुंबाच्या अनुभवातून देते. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

कुटुंब नाशिकच्या सिडको भागातलं. पती अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात सुपरवायझर, हातात येणारा पगार ४८ हजार. पत्नी, त्यांना इथे ताई म्हणू, घरी ब्लाउज शिवून आणि फॉल-पिको करून महिन्याला तीन-चार हजार मिळवतात. आठवीतली मुलगी, चौथीतला मुलगा, सोबत सासूबाई. फ्लॅटचा हप्ता चालू. कुणाला व्यसन नाही, मौजमजा बेताची.

ते माझ्याकडे आले ते पैशासाठी नव्हे, मुलीसाठी. शाळेची सहल रायगडला जाणार होती, वर्गणी १,८०० रुपये. मुलीने सूचनेचा कागद घरी दाखवलाच नाही. ‘मला गाडी लागते, मी येत नाही,’ असं बाईंना सांगून मोकळी झाली. आठवड्याने दप्तर आवरताना ताईंना कागद सापडला. ‘सांगितलं का नाहीस?’ यावर मुलगी म्हणाली, ‘पप्पा परत वही काढतील.’

वही म्हणजे घरखर्चाची. रात्री जेवणं झाली की पती ती घेऊन बसत. कोथिंबीर २०, लिंबं १०, दूध, ब्रेड. ‘परवाच कोथिंबीर आणली होती ना?’ ‘मागचा सिलिंडर ४२ दिवस गेला, हा ३७ मध्येच कसा संपला?’ आवाज चढवत नसत, शिवी देत नसत. पण रोजच्या रोज, मुलांच्या देखत, एकेका ओळीवर बोट ठेवून विचारत. मग ताईही पळवाटा काढायला लागल्या. १५० रुपयांची वस्तू २०० ची लिहायची आणि वरचे ५० डब्यात टाकायचे. ‘मॅडम, स्वतःच्याच घरात चोरी केल्यासारखं वाटतं हो,’ हे त्या बोलल्या तेव्हा पती बाहेर बसले होते.

खर्च लिहून ठेवण्याची सवय चांगलीच आहे, तिच्यावर माझा मुळीच राग नाही. पण या घरात जो सगळ्यांत लहान रकमा खर्च करत होता, त्याचीच झडती होत होती, आणि झडती घेणाऱ्याचे खर्च वहीत येतच नव्हते. माझ्याकडे येणाऱ्या घरांत हे चित्र मला सतत दिसतं. पैसे कमी पडले की पहिली कात्री भाजी, दूध, तेल आणि कामवाल्या मावशींवर चालते. हप्ते, गाडी, मोबाइल, नातेवाइकांना दिलेले हातउसने, लग्नातले आहेर यांच्याबद्दल कुणी बोलत नाही, कारण ते ‘मोठ्यांचे’ व्यवहार.

म्हणून मी त्यांना वही बाजूला ठेवायला सांगितलं. मोठा कोरा कागद दिला आणि म्हटलं, महिन्यात घरातून बाहेर जाणारा प्रत्येक पैसा लिहा, पण तारखेप्रमाणे नको. सर्वांत मोठी रक्कम सर्वांत वर, मग तिच्याखालची, असं उतरत या. फ्लॅटचा हप्ता, किराणा, शाळा आणि क्लास, पेट्रोल, दूध, वीज, गॅस. लिहिता लिहिता पतींचा हात मध्येच थांबला. बराच वेळ गेला. मग त्यांनी ‘कार्ड’ असं लिहिलं आणि पुढे ३,१०० हा आकडा टाकला.

ताईंना या कार्डाचा पत्ताच नव्हता. वडिलांच्या शेवटच्या आजारपणात दवाखान्यात अनामत भरायला पैसे नव्हते, तेव्हा क्रेडिट कार्ड वापरलं. पुढे काही फेडलं, पुन्हा अडचण आली, पुन्हा वापरलं. आता थकबाकी होती ६२ हजार. दर महिन्याला ते ‘किमान देय’ म्हणजे थकबाकीच्या ५ टक्के भरत होते आणि मनाची समजूत घालत होते की आपण फेडतोय.

तिथेच बसून आम्ही हिशोब केला. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे ६२ हजारांवर २,१७०. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, ३९० रुपये. एकूण २,५६०. भरलेल्या ३,१०० पैकी कर्जात वळते होत होते अवघे ५४०. आणि हे नवीन काही खरेदी केली नाही तर. बिलावर किमान रक्कम अशी ठळक छापलेली असते की तेवढी भरली म्हणजे आपण सुटलो असंच माणसाला वाटतं. प्रत्यक्षात त्याने फक्त उशिराचा दंड टळतो, उरलेल्या रकमेवरचं व्याज चालूच राहतं. वर्षाचा दर ४० टक्क्यांच्या पुढे जातो. एवढ्या व्याजाने गावातल्या सावकाराकडून कुणी पैसे आणले असते तर भावकीने त्याला वेड्यात काढलं असतं.

ताई रडल्या नाहीत, चिडल्या. ‘मी लिंबं मोजत होते आणि तुम्ही महिन्याला अडीच हजार नुसतं व्याज भरत होता?’ पती खाली मान घालून ऐकत राहिले. मी मध्ये पडले नाही. तो राग रास्त होता आणि तो एकदा पूर्ण बोलून होणं गरजेचं होतं.

नंतर ते एकटे बोलले तेव्हा उलगडा झाला. बालपण निफाड तालुक्यात, घरी कांद्याची शेती. लासलगावला भाव पडला की घरात चूल पेटायची पण फी थकायची. वर्गात उभं करून नाव पुकारलं जायचं. आपल्या मुलांवर ती वेळ येऊ द्यायची नाही, एवढंच त्यांनी आयुष्यभर धरून ठेवलं होतं. आणि नेमके तेच कर्जात अडकले, बायकोला सांगायची लाज वाटली. कार्डाचा आकडा हातात राहिला नव्हता. कोथिंबिरीचा राहू शकत होता. रात्रीची वही ही त्यांची भीती होती. हे कळल्यावर ताईंचा सूर बदलला. पण त्यांनी एक बजावून सांगितलं, ‘भीती वाटत होती तर मला सांगायचं होतं, अहो. मला गुन्हेगार नव्हतं करायचं.’

मार्ग सापडला तो कारखान्याच्या कामगार पतसंस्थेत. तिथे १२ टक्क्यांनी कर्ज मिळत होतं. ६२ हजार, २४ महिने, हप्ता २,९२० च्या आसपास. कार्डाला जात होते त्याहून १८० रुपयांच्या आसपास कमी आणि दोन वर्षांत कर्ज निल. पतसंस्थेचे पैसे आले त्याच दिवशी कार्डाची पूर्ण रक्कम भरली आणि कार्ड बंद करून घेतलं. ही पायरी चुकवू नका. कर्ज एकीकडून दुसरीकडे नेलं आणि कार्ड चालूच ठेवलं, तर वर्षभरात दोन्ही कर्जं डोक्यावर बसतात. अशी जोडपीही माझ्याकडे येतात.

आता घरातल्या खऱ्या काटकसरीकडे. तीही हवीच, पण तिच्यात सगळ्यांत जास्त जाणकार असलेल्या माणसाला कुणी विचारलंच नव्हतं. सासूबाईंना मी मुद्दाम बोलावलं. त्या म्हणाल्या, ‘एप्रिल-मेमध्ये गहू, तूरडाळ वर्षाची भरून ठेवायची सोडून दर महिन्याला पुडकी आणता. उन्हात वाळवून एरंडेल चोळलं की डाळ वर्षभर हलत नाही.’ फ्लॅटमध्ये जागा नाही हे खरं, तरी सहा महिन्यांचं मावतं असं दोघींनी मिळून ठरवलं. डाळ आणि कडधान्य आधी भिजवून कुकरला लावायचं, गॅस वाचतो. विजेचं गणित मात्र पतींनी केलं. आपल्याकडे घरगुती विजेचा दर १०० युनिटच्या पुढच्या प्रत्येक युनिटला जवळपास दुप्पट होतो, म्हणून त्या वरच्या युनिटांवरच नेम धरायचा. दोन किलोवॅटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट जातं. हॉलमधला जुना पंखा ७५ वॅटचा, दिवसाचे १५ तास फिरणारा. त्या जागी ३० वॅटचा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा बसवला की महिन्याला २० युनिट वाचतात. पंख्याचे पैसे दीडेक वर्षात वसूल.

याच भेटीत सासूबाई आणखी एक बोलल्या, ते मला त्या सगळ्या आकड्यांहून मोलाचं वाटतं. ‘माझ्या हातात पैसा कुणी कधी दिलाच नाही. मी पण डाळीच्या डब्यात ठेवायची. नोटाबंदीत चार हजार निघाले, तर हे म्हणाले, तू आमच्यापासून लपवलंस.’ २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या तेव्हा किती घरांत असे डबे रिकामे झाले! कुणाच्या मुलीच्या बाळंतपणासाठी, कुणाच्या स्वतःच्या दवाखान्यासाठी साठवलेले ते पैसे. त्यांना ‘लपवलेले’ म्हटलं गेलं याचं मला आजही वाईट वाटतं. सासूबाई बोलत होत्या आणि ताई त्यांच्याकडे बघत होत्या. दोघींचे डबे एकाच घरात, एकमेकींना माहीत नसलेले.

म्हणून मी एका गोष्टीवर अडून बसले: घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला महिन्याला ठरावीक पैसे मिळतील आणि त्यांचा हिशोब कुणी कुणाला विचारणार नाही. पतींना हे उधळपट्टी वाटली. ‘मॅडम, कर्ज फिटेपर्यंत तरी थांबू.’ मी नाही म्हटलं. बाहेरचा एखादा वडापाव, मैत्रिणीच्या बाळाला झबलं, देवळातली ओटी, यासाठी परवानगी मागावी लागली की माणूस खोटं बोलायला शिकतो, आणि खोटं शिरलं की कुठलाच हिशोब जुळत नाही. शेवटी तिघांना ५०० आणि मुलीला २०० असं ठरलं. वही राहिली, पण रोजची नाही. महिन्यातून एका रविवारी, मुलं खेळायला गेल्यावर, दोघांनी मिळून बघायची. कारखान्याचा चहा-नाश्ता आणि पेट्रोलही त्यात लिहायचं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. दोन महिन्यांनी पतींनी दुधावरून पुन्हा विषय काढला आणि ताईंनी त्यांना त्याच सुरात पेट्रोल विचारलं. तीन दिवस अबोला. ताईंच्या भिशीवरूनही वाद झाला. भिशीत शिस्त लागते हे मान्य, पण व्याज नाही, आणि कुणी मध्येच हप्ते बुडवले तर दाद मागायला जागा नाही. ताईंनी चालू फेरी पूर्ण करून पुढे बँकेत महिना १,००० चं आवर्ती खातं काढायचं मान्य केलं, अडीअडचणीसाठी. मुलीसाठी सुकन्या समृद्धी खातं काढायची वेळ निघून गेली होती. ते १० वर्षांच्या आतल्या मुलीच्याच नावाने निघतं. वडिलांना याची फार रुखरुख लागली. पीपीएफला, म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीला, वयाची अट नाही आणि वर्षाला ५०० रुपयांनीही ते चालू राहतं, हे सांगितल्यावर मुलीच्या नावाने ते उघडलं.

सहल मात्र होऊन गेली होती. त्याबद्दल वडील मुलीशी बोलले. काय बोलले ते मी विचारलं नाही. मुलीशी मी वेगळी बोलले तेव्हा तिला एवढंच सांगितलं की घरात पैसे कमी असणं ही तिची जबाबदारी नाही. परवडणार नसेल तर ‘नाही’ म्हणायचं काम मोठ्यांचं, तिने फक्त विचारायचं. आठवी-नववीच्या मुलींना हे तोंडाने सांगावं लागतं. नाहीतर त्या सॅनिटरी पॅडसुद्धा मागायला कचरतात, अशा मुली मी पाहिल्या आहेत.

या अनुभवावरून वाचणाऱ्या प्रत्येक ताईने नवऱ्याला समजून घ्यावं, असं मात्र मी म्हणत नाही. इथे पती कर्ज दडवत होते, पण दाखवल्यावर कागदावर आले, बदलायला तयार झाले. जिथे बाईची कमाई काढून घेतली जाते, दागिने तिला न विचारता मोडले जातात, औषधाला किंवा किराण्याला मुद्दाम पैसे दिले जात नाहीत, तिथे तो काटकसरीचा विषयच नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक छळ हाही हिंसाचार मानला आहे. अशा वेळी १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करा किंवा याच कायद्याखाली नेमलेल्या तुमच्या भागातल्या संरक्षण अधिकाऱ्यांना भेटा. वाट पाहू नका.

आणि तुमच्या घरचा प्रश्न पैसे न पुरण्याचाच असेल, तर समुपदेशकाकडे येताना दोघांचे बँक खात्यांचे सहा महिन्यांचे उतारे आणा, कार्डाचं बिल, सगळ्या कर्जांचे हप्ते, हातउसने घेतलेले आणि दिलेले, सगळं आणा. घरात सासू-सासरे असतील तर निदान एका भेटीला त्यांनाही सोबत घ्या.