स्पीड कमी वाटतोय? मग जरा बॉल सोडून बघा

प्रश्न: ताई नमस्कार. पोरगी नववीत आहे, फुटबॉल खेळते. मोबाईलवर बायकांच्या मॅच लावते आणि मलापण शेजारी बसवते. कॉलेजात मी थोडंफार खेळलोय, पण खरं सांगू का, मला यात स्पीड कमी वाटतो, गोलकीपर कच्च्या वाटतात, आणि तसं बोललो की घरात वादावादी. खोटं कौतुक करू का गप्प बसू?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर: खोटं कौतुक नको हो, पोरींना ते लगेच कळतंय. स्पीडचं म्हणताय ते खरंय, पळण्यात आणि किकच्या ताकदीत फरक असतोच. गोलकीपरचं मात्र थोडं वेगळंय, गोलपोस्ट तोच, ७.३२ मीटर रुंद नि २.४४ मीटर उंच, आणि बायकांची उंची सरासरीने कमी, मग बारच्या जरा खालून जाणारा बॉल बोटाला लागता लागता राहतो आणि आपण घरात बसून म्हणतो कच्ची आहे! काही चुका खरंच चुका असतात, त्याला चूकच म्हणायचं. बाई आहे म्हणून ग्रेस मार्क देणं मला तरी अपमानच वाटतो.

पण तुम्ही खेळलेले आहात ना, मग २०२३ च्या वर्ल्डकप फायनलचा गोल पोरीबरोबर परत लावा. सिडनीत पंच्याहत्तर हजारांवर पब्लिक, स्पेन विरुद्ध इंग्लंड, २९ वं मिनिट. इंग्लंडची राइट बॅक, म्हणजे उजवीकडून बचाव करणारी, लूसी ब्रॉन्झ बॉल घेऊन मधे घुसली आणि तिथंच बॉल घालवून बसली, म्हणजे तिची बाजू सगळी मोकळी. स्पेनच्या तेरेसा अबेलेइरानं क्षणभरपण न थांबता लांब पास बरोब्बर त्याच बाजूला टाकला, मारिओना काल्देन्तेनं बॉल पुढं सरकवला आणि मागून पळत आलेली ओल्गा कार्मोना, ती लेफ्ट बॅक बरं का, तिनं खालून लांबच्या कोपऱ्यात मारला. १-०, तिथंच कप गेला. यात स्पीड कुणाचा बघणार? मोकळी जागा कुणाला आधी दिसली ते बघायचं, आणि बॉल जरा सावकाश फिरतो म्हणून ते टीव्हीवरपण दिसतं. मला तरी यातच जास्त मजा येते.

आणि हो, झुरिच विद्यापीठातल्या लोकांनी एक प्रयोग केलेला, २०२३ मधे छापून आला. बायकांचे आणि पुरुषांचे गोल दाखवले, काहींना सरळ आणि काहींना खेळाडू ब्लर करून. सरळ बघणाऱ्यांनी पुरुषांना जास्त मार्क दिले, ब्लरवाल्यांच्या मार्कात म्हणण्यासारखा फरकच नाही. आता ते नुसते निवडक गोल होते, अख्खी मॅच नव्हे, त्यामुळे यावरून लगेच पोरीनं तुम्हाला गप्प करायला नको, पण आपल्या डोळ्यावर थोडा डाउट घ्यायला हरकत नाही.

बायकांची मॅच बघतंय कोण असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगा की १९२० ला लिव्हरपूलमधल्या गुडिसन पार्कवर बायकांच्या मॅचला ५३ हजार लोक आलेले आणि पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननं आपल्या क्लबांची मैदानं बायकांना बंद केली, ती जवळजवळ पन्नास वर्षं. एवढा काळ ना ग्राउंड ना पैसा, मग खेळ मागं राहणार नाही तर काय.

प्रश्न: मला ऑफसाइडपण कळत नाही, मैत्रिणींबरोबर बघायला सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, होटगी रोड

उत्तर: ऑफसाइड राहू दे, ते चार मॅच बघितल्या की आपोआप कळतंय. लांबची नको, आपल्या नवी मुंबईत डी. वाय. पाटीलवर झालेली २०२२ ची एशियन कप फायनल शोध. हाफ टाइमला दक्षिण कोरिया २-० पुढं, मग चीनच्या पोरींनी ६८ आणि ७२ व्या मिनिटाला दोन मारले आणि तिसरा थेट इंज्युरी टाइममधे, म्हणजे ९० मिनिटं संपल्यावर वाया गेलेल्या वेळेची भरपाई देतात त्यात, ३-२! त्यानंतर जुलै २०२५ ची भारत-थायलंड, संगीता बासफोरचे दोन्ही गोल, २-१, आणि पात्रता फेरी खेळून आपण पहिल्यांदाच एशियन कपला गेलो. हायलाइट्सवर भागवू नकोस, फायनलचा निदान दुसरा हाफ तरी पूर्ण बघा, आणि चहा आधीच करून ठेवा, नंतर कुणी उठणार नाही.