पुण्यात बाल्कनीत फुले आणि भाज्या लावण्यात आनंद जास्त की मनस्ताप?

कोथरूडमधील सदनिकेच्या दक्षिणेकडील बाल्कनीत आपण दोन वर्षे रोपे लावली, दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत ती तरारून वाढली आणि मे संपेपर्यंत बहुतेक एकेक करून गेली. टोमॅटोला फुले लागली पण फळ धरले नाही. गुलाब पहिल्या बहरानंतर फुललाच नाही, त्याला नुसत्या लांब काटेरी फांद्या फुटत राहिल्या. आता पावसाळा तोंडावर आला असताना हा खटाटोप पुन्हा करावा का, असे आपण विचारले आहे.

मी सिंहगड रस्त्याच्या परिसरात राहते. पूर्वेकडची बाल्कनी, पश्चिमेकडची एक खिडकी आणि इमारतीच्या गच्चीचा एक कोपरा एवढ्या जागेत गेली चौदा वर्षे मी फुलझाडे आणि भाज्या लावत आहे. त्या अनुभवावरून सांगते की आनंद आणि मनस्ताप दोन्ही खरे आहेत. परंतु आपण ज्याला स्वतःचे अपयश समजत आहात, त्यातील बराचसा भाग आपल्या हातचा नव्हता. आपल्या बाल्कनीतले ऊनच निघून गेले होते.

ही गोष्ट मला कळायला चार वर्षे लागली, म्हणून जरा सविस्तर लिहिते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन अगदी आतपर्यंत येते आणि जानेवारीत ती जागा बागेसाठी उत्तम वाटते. पुढे सूर्य वर सरकत जातो. मेच्या मध्यावर पुण्यात शून्य सावलीचा दिवस असतो, त्या दुपारी तो बरोबर डोक्यावर येतो, आणि तेव्हापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य चक्क आपल्या उत्तरेला असतो. वरच्या मजल्याच्या स्लॅबची सावली तोवर आपल्या सगळ्या कुंड्यांवर पडलेली असते. हवेत उकाडा, पण पानावर ऊन नाही, अशा अवस्थेत माती लवकर सुकत नाही. आपण मात्र उन्हाळा म्हणून दोन वेळा पाणी घालतो आणि मुळे कुजतात. तेव्हा रोप आणण्यापूर्वी महिन्यातून एकदा, सुटीच्या दिवशी, दर तासाला ऊन कुठे पडते ते कागदावर टिपून ठेवावे. फळभाजीला पाच-सहा तासांचे थेट ऊन लागते, पालेभाजीचे तीन-चार तासांत भागते, आणि त्याहून कमी असेल तर अळू किंवा पुदिना लावून समाधान मानावे. अळू हे काही कमी समाधान नाही. श्रावणात घरच्या अळूची पाने काढून वड्या करण्याचे सुख मंडईतून आणलेल्या जुडीत नाही, कारण कोणते पान कोवळे आणि कोणते उद्यासाठी ठेवायचे हे आपल्याला आदल्या दिवशीच ठाऊक असते.

टोमॅटोचे कारण वेगळे आहे. दिवसाचे तापमान पस्तिशीच्या वर गेले आणि रात्रीही उकडू लागले की टोमॅटोचे पराग निकामी होतात आणि फुले देठापासून गळून पडतात. पुण्यात ही स्थिती मार्चअखेरीस येते. आपले रोप दिवाळीत लावल्याने त्याची फुले बहुधा या उकाड्यात सापडली, म्हणजे आपले झाड नेमके उशिरा निघालेल्या प्रवाशासारखे झाले. बी ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरमध्ये पेरावे, पाऊस ओसरताच रोप मोठ्या कुंडीत हलवावे, म्हणजे फळे ऐन थंडीत धरतात. बाल्कनीत वारा कमी असेल तर सकाळी दहा-अकराच्या सुमारास फुलांच्या घोसाखाली बोटाने हलकी टिचकी मारावी. टोमॅटोचे फूल स्वतःचेच पराग घेते, त्याला फक्त हलवणारे कोणी तरी लागते.

गुलाबाबद्दल आपण लिहिलेली लांब काटेरी फांद्यांची खूण मला ओळखीची आहे. रोपवाटिकेतला बहुतेक गुलाब डोळा भरून तयार केलेला असतो, म्हणजे खाली रानगुलाबाचे खोड आणि त्यावर चांगल्या जातीचा डोळा, म्हणजे फुटीचा अंकुर. जोडाच्या खालून फुटणारी फांदी रानगुलाबाची असते; ती जोमाने वाढते, सगळे पोषण ओढून घेते आणि वरचा कलम केलेला भाग हळूहळू वाळतो. अशी फूट दिसताच ती वरून न कापता, माती थोडी उकरून, निघते तिथूनच ओरबाडून काढावी लागते. दुसरी अडचण मातीची. मी सुरुवातीला एका रोपवाटिकेतून सहा गुलाब आणले आणि पिशवी फाडून तो लाल चिकण मातीचा गोळा तसाच कुंडीत ठेवला. बाहेरची माती ओली दिसायची, पण तो गोळा एकदा सुकल्यावर त्यात पाणी शिरतच नव्हते. सहापैकी एक झाड जगले. आता मी नवे रोप आणले की गोळा बादलीभर पाण्यात भिजवते, निम्मी चिकण माती हलक्या हाताने सोडवते आणि मगच लावते.

गुलाबाची मुख्य छाटणी पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरमध्ये करतात आणि त्यानंतर साधारण दीड महिन्याने बहर येतो. पुण्यातल्या एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीच्या अखेरीस, प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास पुष्पप्रदर्शन भरते. तिथे फुले मांडणारी मंडळी त्या तारखेपासून उलटे दिवस मोजून छाटणी ठरवतात. आपण एकदा ते प्रदर्शन अवश्य पाहावे. फुलांपेक्षाही, एकाच शहराच्या हवेत कोणत्या महिन्यात काय शक्य आहे, हे तिथे उमगते.

आता ज्यासाठी मी हा सगळा व्याप करते त्याविषयी. माझ्या गच्चीवर दर पावसाळ्यात दुधीचा एक वेल असतो. पहिल्या वर्षी त्याला दोन आठवडे फुले येत राहिली आणि एकही दुधी धरला नाही, तेव्हा वेल उपटून टाकावा असे वाटले होते. नंतर समजले की आधी नर फुले येतात, ती लांब बारीक देठावर असतात. मादी फुले मागाहून, बहुधा बाजूच्या फांद्यांवर येतात आणि त्यांच्या पाकळ्यांखाली करंगळीच्या पेराएवढा, लव असलेला इवलासा दुधी आधीपासूनच असतो. दुधीचे फूल पांढरे असते आणि ते संध्याकाळी उमलते, कारण त्याचे पाहुणे रात्री उडणारे पतंग. आमच्या चौथ्या मजल्यावरच्या गच्चीत ते फारसे येत नाहीत. म्हणून त्या दिवसांत मी दिवेलागणीच्या वेळी वर जाते. नर फूल खुडायचे, त्याच्या पाकळ्या मागे दुमडायच्या, मधल्या दांडीवरची पिवळसर भुकटी बोटाला लागते का ते पाहायचे आणि मादी फुलाच्या मधल्या जाड, चिकट टोकावर ती अलगद टेकवायची. सगळे मिळून अर्धा मिनिटही लागत नाही. तिसऱ्या दिवशी निकाल कळतो. जमले नसेल तर तो इवला दुधी टोकाकडून पिवळा पडत जातो. जमले असेल तर देठ खाली वाकतो, हिरवा रंग उजळतो आणि पुढे रोज सकाळी तो कालच्यापेक्षा मोठा दिसतो. साधारण दोन आठवड्यांनी नख सहज रुतते आहे तोवर काढावा, नाहीतर निबर होतो. भोपळ्याचे फूल मात्र पहाटे उमलते आणि ऊन चढले की मिटते, त्यामुळे त्याला सकाळी सहा-सातला गाठावे लागते. एका भाजीने माझी संध्याकाळ बांधली आहे आणि दुसरीने पहाट, आणि मला ते बंधन मनापासून आवडते.

सासूबाईंना देवासाठी घरचीच फुले लागतात, त्यामुळे मोगरा, जास्वंद, तगर आणि गोकर्ण यांना बाल्कनीत पहिला मान आहे. मोगऱ्याला डिसेंबर-जानेवारीत पाणी कमी करून हलकी छाटणी केली आणि फेब्रुवारीत खत देऊन पुन्हा पाणी सुरू केले, की मार्चपासून कळ्या धरतात. सूर्यास्ताच्या आत कळ्या खुडून ओल्या फडक्यात ठेवल्या, तर त्या रात्री घरभर उमलतात.

मनस्तापाची यादी लहान नाही. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण दरवर्षी येतात आणि त्यांच्यामागोमाग मुंग्या, कारण त्यांच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्यांना राखतात. पांढरा कापूस दिसू लागला की दात घासण्याच्या जुन्या ब्रशने साबणाच्या पाण्यात घासून काढणे आणि आठवड्याने पुन्हा घासणे, याला माझ्याकडे पर्याय नाही. मावा आणि पांढरी माशी यांच्यासाठी लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि थोडे साबणाचे पाणी मिसळून संध्याकाळी फवारते, भर उन्हात कधीच नाही, पाने भाजतात. मिरचीवर चुरडा-मुरडा आला, पाने वाटीसारखी वळली आणि नवी फूट खुरटली, तर झाड बाजूला काढावे. तीन हंगाम मी अशा झाडांची शुश्रूषा करण्यात घालवले आणि शेजारची निरोगी झाडेही गमावली. पारवे कुंडीत बसून कोथिंबिरीचे कोंभ तुडवतात, त्यासाठी वर जाळी ताणून ठेवावी लागते. पाणीकपातीच्या दिवसांत तांदूळ आणि भाज्या धुतलेले पाणी साठवून कुंड्यांना घालते, आणि गावाला जायचे झाले तर कुंड्या सावलीत एकमेकींना खेटून ठेवून वर वाळक्या पानांचा जाड थर देते.

सर्वांत मोठा धडा मात्र कीड किंवा पाखरांनी दिला नाही. १२ इंची कुंडी ओल्या मातीसह सहज २५ किलोंच्या घरात जाते. मी अशा चाळीसएक कुंड्या आणि दोन अर्धे पिंप गच्चीच्या फरशीवर थेट ठेवले होते. दुसऱ्या पावसाळ्यात खालच्या मजल्यावरील काकूंच्या स्वयंपाकघराच्या छताला ओल आली, पोपडे निघाले आणि सोसायटीच्या बैठकीत विषय निघाला. त्यांचे म्हणणे योग्य होते. फरशीच्या सांध्यांतून मुळे आत गेलेली मी स्वतः पाहिली. दोन दिवसांत सर्व कुंड्या हलवल्या, सांधे भरून घेतले, लेखी परवानगी घेतली आणि तेव्हापासून तुळयांच्या रेषेत, फूटभर उंचीच्या लोखंडी घडवंच्यांवर मोजक्याच कुंड्या असतात, ज्यांच्याखालून केरसुणी फिरते. त्या वर्षी पहिला दुधी काकूंकडे गेला. गच्ची सामाईक असते आणि छत दुसऱ्याचे असते, हे लक्षात न घेता लावलेली बाग शेजार बिघडवते, आणि ते नुकसान कोणत्याही फुलाने भरून निघत नाही.

वजन कमी करण्यासाठीच मी आता माती तिसरा हिस्सा ठेवते आणि बाकी पालापाचोळा, घरचे खत व थोडे कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, वापरते. पुण्यात फेब्रुवारी-मार्चमध्ये रस्तोरस्ती पानगळ होते आणि ती पाने जाळली जातात, याचे मला फार वाईट वाटते. ज्यांच्याकडे पाने जास्त आहेत आणि ज्यांना ती हवी आहेत, त्यांची गाठ घालून देण्याचे काम इथेच सुरू झालेल्या ‘ब्राऊन लीफ’ या उपक्रमाने केले आहे. स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्यावर दरवेळी निदान तेवढीच, शक्यतो दुप्पट वाळकी पाने घातली, तर घाण वास येत नाही. वास आला तर ओल जास्त झाली असे समजावे.

कढीपत्त्यावरही एकदा पाहावे, अशी विनंती आहे. पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखे काही दिसले तर लगेच पुसू नका. ती बहुधा फुलपाखराची अळी असते. काही दिवसांनी ती हिरवीगार होते, हात लावला तर डोक्याजवळून नारिंगी रंगाचे दुहेरी शिंग बाहेर काढून उग्र वास सोडते, आणि दोन-तीन अळ्या लहान कढीपत्त्याची सर्व पाने फस्त करतात. मी एक झाड त्यांच्यासाठीच वेगळे ठेवले आहे. आमटीला त्या दिवसांत कढीपत्ता विकत आणते.

आपल्या बाल्कनीपुरते सांगायचे तर, या जूनमध्ये टोमॅटो, वांगी, मिरची यांचा विचार करू नये. एका खोलगट टोपलीत अळूचे दोन कंद आणि दुसरीत पुदिन्याच्या काड्या लावाव्यात. गुलाबाची माती आजच उकरून जोड कुठे आहे आणि फांद्या त्याच्या वरून निघतात की खालून, हे पाहावे. सर्वच खालून असतील तर ते झाड आता रानगुलाबाचे आहे आणि ऑक्टोबरमध्ये नवे आणणे श्रेयस्कर. ऑगस्टच्या शेवटी टोमॅटोचे बी कागदी कपात पेरावे. सप्टेंबरच्या मध्यापासून ऊन पुन्हा कठड्याच्या आत शिरू लागेल, तेव्हा प्रथम मेथी पेरावी, ती महिन्याभरात ताटात येते. धणे मात्र पेरण्याआधी लाटण्याने रगडून दोन भाग करून घ्यावेत आणि आठ-दहा दिवस काहीच उगवले नाही तरी माती उकरून पाहू नये.