परदेशात दीर्घ मुक्कामासाठी पहिल्यांदाच एकटी निघत आहे. निघण्याच्या दिवशी नेमकं काय सांभाळावं?

तुम्ही लिहिलंय की सहा महिन्यांसाठी निघताय, वाटेत एकदा विमान बदलायचंय आणि इमिग्रेशनच्या विचाराने पोटात गोळा येतोय. या दिवसातून मी गेले आहे, म्हणून सांगते. इमिग्रेशनची भीती बहुतेकांना असते, पण कागदांची पहिली खरी तपासणी त्याआधी, चेक-इन काउंटरवर होते. ज्या देशात उतरायचं त्याने तुम्हाला प्रवेश नाकारला, तर तुम्हाला परत आणण्याची जबाबदारी विमान कंपनीवर येते, अनेकदा दंडही भरावा लागतो. म्हणून काउंटरवरचा माणूस पासपोर्ट, व्हिसा आणि परतीचं किंवा पुढचं तिकीट इतकं बारकाईने बघतो. तो अडवायला बसलाय असं समजू नका.

अनेक देशांना पासपोर्टची मुदत आणखी सहा महिने शिल्लक असलेली लागते. शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं अशा युरोपातल्या देशांत, थोडक्या मुक्कामासाठी जाणाऱ्यांना परतीच्या तारखेपुढे तीन महिने आणि गेल्या 10 वर्षांत काढलेला पासपोर्ट, अशी अट आहे. तिकिटावरचं नाव पासपोर्टशी जुळतंय ना, हेही आजच बघा. आणि विमान बदलताना विमानतळाबाहेर पडणार नसलात, तरी काही देशांत ट्रान्झिट व्हिसा लागतो. तुमच्या बाबतीत सगळ्यात आधी मी हेच तपासलं असतं.

दोन्ही विमानं एकाच तिकिटावर आहेत की वेगवेगळी तिकिटं काढलीत, हे तुम्ही लिहिलेलं नाही. यावर फार काही अवलंबून आहे. एकच तिकीट असेल तर सामान बहुतेक वेळा थेट शेवटच्या मुक्कामी जातं, आणि पहिल्या विमानाला उशीर होऊन दुसरं चुकलं तर पुढची सोय कंपनी करते. वेगवेगळी तिकिटं असतील तर मधल्या विमानतळावर बॅग स्वतः उचलून पुन्हा चेक-इन करावं लागू शकतं. त्यासाठी इमिग्रेशन ओलांडायचं, म्हणजे त्या देशात प्रवेशाची परवानगी हवी. अशा वेळी मध्ये दोन-तीन तासांवर भरवसा ठेवू नका. बॅगेला टॅग लावला की त्यावरचा तीन अक्षरी कोड वाचा. तो तुमच्या शेवटच्या शहराचा आहे का? नसेल तर तिथेच विचारा. टॅगची पावती जपून ठेवा.

घरून असं निघा की विमानाच्या तीन तास आधी पोहोचाल. काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं, गेट पंधरा-वीस मिनिटं आधी. तिकिटावरची वेळ विमान हलण्याची असते, चढण्याची नाही.

जवळच्या बॅगेत औषधं ठेवा, आणि डॉक्टरांची चिठ्ठी औषधाच्या मूळ नावासकट. ब्रँडची नावं देशागणिक बदलतात. एक कपड्यांचा जोड हवाच. पॉवर बँक चेक-इनच्या सामानात चालत नाही, जवळच ठेवायची, साधारणपणे 100 वॉट-तासांपर्यंत (बॅटरीत किती ऊर्जा मावते त्याचं हे माप). 20,000 एमएएचची नेहमीची पॉवर बँक 74 च्या आसपास येते. द्रव पदार्थांना 2006 पासून 100 मिलीची मर्यादा आली. काही विमानतळांनी ती आता सैल केलीय, तरी तुम्ही जुनाच नियम पाळा, कारण विमान बदलताना पुन्हा तपासणी होऊ शकते.

निरोपाबद्दल तुम्ही काही विचारलेलं नाही, तरी सांगते. निरोप घरी घ्या, निवांत, शक्य असेल तर आदल्या संध्याकाळीच. विमानतळाच्या दारात सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडे असतं, आणि बोलायचं ते राहून जातं. सिक्युरिटी पार केल्यावर पहिल्यांदा खरंच एकटं वाटतं. त्या वेळी रडू आलं तर येऊ द्या. आपण चुकीचा निर्णय घेतला, असा अर्थ त्यातून मुळीच काढू नका. सकाळपासून ताणलेलं मन तिथे पहिल्यांदा मोकळं होतं, एवढंच. आधी गेट शोधा, मग बसा. घरी फोन करायचाच असेल तर चढण्याआधी एकच करा.

विमानात हवा फार कोरडी असते, आर्द्रता बहुतेक वेळा 20 टक्क्यांच्या खाली. केबिनमधला दाबही 1,800 ते 2,400 मीटर उंचीवर असतो तेवढाच ठेवलेला असतो. त्यामुळे नुसतं बसूनही माणूस थकतो. पाणी पीत राहा, अधूनमधून उठून चाला.

उतरल्यावर बॅग आली नाही, तर सामानाच्या हॉलमधून बाहेर पडण्याआधी तिथल्या काउंटरवर लेखी तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक घ्या. 1999 च्या माँट्रियल करारानुसार (हा आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाचा करार) 21 दिवसांत न आलेली बॅग हरवली असं धरून भरपाई मागता येते. पहिल्या रात्रीच्या मुक्कामाचा पत्ता कागदावर लिहून ठेवा, तिथल्या लिपीतही. इमिग्रेशनला तो विचारू शकतात, आणि फोन तिथे लगेच चालेलच असं नाही.

शेवटी तुम्ही विचारलंय, पोहोचल्याच्या दिवशी शहर बघायचं तिकीट काढून ठेवू का? माझं मत स्पष्ट आहे: नको. विमानाला उशीर झाला तर पैसे जातील, आणि वेळेवर पोहोचलात तरी डोकं ठिकाणावर नसेल. शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण एक तास सरकतं, पूर्वेकडे जाताना जास्त त्रास होतो. दिवसा उतरलात तर सामान टाकून उजेडात पायी भटका, तिथली रात्र झाली की झोपा. तिकिटं तिसऱ्या दिवसापासूनची काढा.