आई-बाबांना पानगळ दाखवायची आहे? आधी उंची बघा

अमेरिकेतल्या डेन्व्हरहून एका लेकीचं पत्र आलंय. माहेर नागपूरचं, धरमपेठेतलं. आई-बाबा सप्टेंबरात पहिल्यांदाच तिच्याकडे चाललेत. दोघंही सत्तरीचे, बाबांना बीपी. चार दिवसांत तिला त्यांना ॲस्पेन नावाच्या झाडांची पिवळी जंगलं, वाळवंट आणि जमलंच तर ग्रँड कॅनियन दाखवायचंय.

बेटा, ग्रँड कॅनियन या खेपेला सोड. एका बाजूचेच तेरा-चौदा तास गाडीत जातील. शिवाय 2026 पासून, वार्षिक पास नसेल तर, परदेशी पाहुण्यांना अमेरिकेतल्या 11 मोठ्या राष्ट्रीय उद्यानांत माणशी 100 डॉलर जादा पडतात, आणि ग्रँड कॅनियन त्यातलंच. वाळवंटासाठी ग्रेट सँड ड्यून्स हे राष्ट्रीय उद्यान निवड, ते त्या यादीत नाही. ते तुझ्या कोलोरॅडो राज्यातच आहे, सव्वादोनशे मीटर उंच वाळूच्या टेकड्या, उत्तर अमेरिकेतल्या सगळ्यात उंच. 285 नंबरच्या महामार्गाने निघालीस की केनोशा पास नावाच्या घाटावर ॲस्पेन वाटेतच भेटतो. मुक्काम टेकड्यांजवळच्या अलामोसा गावी कर.

आता खरी काळजीची गोष्ट. नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम 310 मीटरवर. डेन्व्हर 1,600, अलामोसा 2,300, आणि केनोशा पास 3,000 मीटरच्या वर. तिथे श्वासागणिक मिळणारा ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास असतो. आम्ही तिकडे लेकाकडे गेलो तेव्हा तिसऱ्याच दिवशी असाच घाट चढलो. यांचं डोकं ठणकायला लागलं, उलटी झाली. सगळं सोनं पसरलेलं आणि हे मागच्या सीटवर डोळे मिटून. खाली उतरल्यावर तासाभरात बरं वाटलं, पण माझा जीव थाऱ्यावर नव्हता. म्हणून आई-बाबांना आधी निदान चार-पाच दिवस घरीच राहू दे. झोपेचं घड्याळ साडेअकरा तासांनी उलटलेलं असतं, तेही जागेवर येईल. घाटावर अर्धा तास थांबा, भरपूर पाणी पाजा, चढायला लावू नका.

आई विचारतीलच, पानगळ आत्ता कशी? आपला पेंचकडचा साग उन्हाळ्याच्या तोंडावर झडतो, जमिनीतलं पाणी आटतं म्हणून. तिकडे दिवस लहान आणि रात्री गार झाल्या की पानातलं हरितद्रव्य मोडतं, आणि खाली दडलेला पिवळा रंग दिसायला लागतो. ॲस्पेनची अनेक खोडं एकाच मुळातून फुटतात, त्यामुळे एक अख्खा पट्टा एकदम पिवळा होतो आणि शेजारचा हिरवाच राहतो. हिरवा दिसला तर हिरमुसू नका, थोडं पुढे जाऊन बघा. केनोशाला सप्टेंबरचा शेवटचा आठवडा बहुतेक वेळा साधतो. शनिवार-रविवार मात्र टाळ, गाडी लावायला जागा मिळत नाही.

वाळूवर सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर जा, दुपारी ती चांगलीच तापते. रात्री मात्र कडाक्याचा गारठा. नागपुरात तेव्हा ऑक्टोबर हीटची चाहूल लागलेली असते, आई सुती साड्याच भरतील. स्वेटर, मोजे, कानटोपी आठवणीने सांग.

निघण्याआधी बाबांनी त्यांच्या डॉक्टरांना उंचीबद्दल स्पष्ट विचारावं. प्रवासविम्यात जुना बीपी धरलाय का, ते कागद वाचून बघ. आणि गोळ्या, चिठ्ठीसकट, हातातल्या पिशवीत. मोठ्या बॅगेत नको.