'यूज्ड टू' चा नेमका अर्थ काय? प्रत्येक वाक्यात वेगळंच काहीतरी निघतं

तुम्ही तीन वाक्यं दिलीत, 'आय यूज्ड टू ड्राइव्ह ॲट नाइट', 'आय ॲम यूज्ड टू ड्रायव्हिंग ॲट नाइट' आणि 'धिस इज यूज्ड टू कट पेपर', आणि विचारलंय की यातलं चूक कुठलं. चूक एकही नाही, तिन्हींचे अर्थ वेगळे आहेत.

पहिलं तर आपल्याला फुकटात येतं, कारण मराठीत त्याला तयार रूप आहे. मी रात्री गाडी चालवायचो. जायचो, खायचो, भांडायचो, हे सगळं यूज्ड टू. फक्त यात 'आता नाही' हे बहुतेक वेळा न सांगता येतं. म्हणजे 'आय यूज्ड टू लाइक हिम' म्हटलं की समोरच्याला कळतं की आता काही खरं नाही.

दुसऱ्यात 'यूज्ड' च्या आधी ॲम, इज, आर, वॉज असं काहीतरी असतं आणि अर्थ होतो सवय असणं. त्याच्यापुढे नाम येतं नाहीतर आयएनजीवालं रूप. यातलंच 'गेट यूज्ड टू' म्हणजे सवय होणं, अंगवळणी पडणं.

तिसरं म्हणजे साधा वापर, कागद कापायला वापरतात.

आता माझी फजिती सांगतो. एका इंटरव्ह्यूमध्ये मला म्हणायचं होतं की रिपोर्ट लिहायची मला सवय आहे, आणि मी मोठ्या कॉन्फिडन्सने म्हणालो 'आय ॲम यूज्ड टू राइट रिपोर्ट्स'. म्हणजे काय, तर रिपोर्ट लिहायला माझा वापर होतो, जसा पेनचा होतो तसा 😄 समोरचे सज्जन होते, हसले नाहीत. 'रायटिंग' म्हणायला हवं होतं, एवढाच फरक.

कानाने पण ओळखता येतं, हे मला फार उशिरा कळलं. सवयीच्या दोन्ही अर्थांत उच्चार 'यूस्टू' असा एका दमात होतो, स आणि त चिकटून, आणि वापरण्याच्या अर्थात 'यूझ्ड टू' असं सुटं. एकदा लक्षात आलं की मग प्रत्येक सिरियलमध्ये तेच ऐकू येतं.

आणि हो, 'मी रोज जातो' साठी 'आय यूज टू गो' लिहू नका, हे खूप जण लिहितात. काही शतकांपूर्वी इंग्रजीत 'यूज' चा अर्थ सवयीने करणं असाही होता आणि तो वर्तमानकाळात चालायचा, पण ते मागे पडलं आणि भूतकाळाचं रूप तेवढं उरलं. आजच्या सवयीला सरळ 'आय यूज्वली गो' म्हणा.

प्रश्न विचारताना मात्र 'डिड यू यूज टू', शेवटचा डी जातो कारण भूतकाळ डिडने आधीच घेतलेला असतो. बोलताना दोन्ही सारखंच ऐकू येतं त्यामुळे कुणी पकडत नाही, मेलमध्ये पकडतात.