दंडाचे स्नायू भरले म्हणून ताट कमी करू नकोस

पोरी,

तुझं पत्र मिळालं. तू जिममध्ये वजनं उचलतेस, त्यावरून लग्नघरात आत्या सगळ्यांदेखत म्हणाल्या, "गड्यागत दंड झालेत की हिचे." आईने बिनबाह्यांचे कुडते कपाटाच्या वरच्या कप्प्यात टाकले, आणि त्या दिवसापासून तू रात्रीची भाकरी सोडलीस. आत्यांचं आणि कुडत्यांचं सावकाश बघू. भाकरी आज रात्रीपासून परत सुरू कर.

टोमण्यांनी व्यायाम करणाऱ्या मुलीचं खरं नुकसान होतं ते इथेच. दंड उतरावेत म्हणून ती जेवण तोडते, पण जिममध्ये वजन तेवढंच उचलत राहते. काही आठवड्यांत स्क्वॉट, म्हणजे खांद्यावर रॉड घेऊन उठबस, अडकतो, झोप बिघडते, केस गळायला लागतात आणि पुढे पाळी लांबते. मग घरात बोललं जातं, "बघ, वजनं उचलून असंच होतं." पाळी बिघडते ती बहुतेक वेळा अंगमेहनतीच्या मानाने पोटात कमी गेल्यामुळे. सलग तीन महिने पाळी आली नाही, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा आणि जेवण किती तोडलंस, किती किलो घटलीस, हे न लपवता सांग.

"पुरुषासारखी होशील" या बोलण्याचं उत्तर रक्तात आहे. स्नायू भरवणारं पुरुषी संप्रेरक, टेस्टोस्टेरॉन, पुरुषाच्या रक्तात एका डेसिलिटरला साधारण ३०० ते १००० नॅनोग्रॅम असतं, बाईच्या रक्तात १५ ते ७०. त्यामुळे पहिल्या वर्षात, नीट जेवून आणि नेमाने व्यायाम करून, महिन्याला अर्धा किलो स्नायू वाढला तरी पुष्कळ झालं. सुरुवातीच्या सहा-आठ आठवड्यांत जी ताकद वाढते ती तर मुख्यतः मज्जासंस्था शिकते म्हणून. स्नायू त्यानंतर भरतात. मग घरच्यांना एवढं काय दिसतं? तुझे खांदे मागे गेले, पाठ ताठ झाली आणि ब्लाउजची बाही दंडात रुतायला लागली. बाहीचा उपाय शिंप्याकडे आहे. नवा ब्लाउज टाकताना दंडाला आणि मुंढ्याला एक-एक इंच माया ठेवायला सांग, आणि माप देताना हात कोपरात वाकवून दंड आवळून दे. लग्नघरात बाही उसवली नाही, तर निम्म्या बायकांचं लक्षही जाणार नाही.

आता घरातली माणसं. प्रत्येकाच्या बोलण्यामागची भीती निराळी आहे, म्हणून एकच उत्तर सगळ्यांना देऊ नकोस.

आजींना भीती आहे ती "अंग बाहेर येईल" याची. तिला हसू नकोस, ती भीती उगाच आलेली नाही. बाळंतपणानंतर अंग सावरायच्या आत शेतात जाऊन ओझी वाहणाऱ्या बायका त्यांनी पाहिल्या आहेत. गर्भाशय खाली सरकतं ते मुख्यतः बाळंतपणांमुळे, त्यात वय, जुनाट खोकला आणि कायमची बद्धकोष्ठता यांची भर पडते. बाळंतपण न झालेल्या मुलीने हळूहळू वजन वाढवलं, तर हा धोका फार कमी असतो. तरी एक सवय लाव: वजन वर नेताना श्वास सोडायचा, खाली कुंथायचं नाही. उचलताना लघवीचा थेंब गेला किंवा ओटीपोटात जडपणा वाटला, तर वजन उतरव आणि डॉक्टरांना दाखव. आजींना हे सगळं सांग. काळजी घेतली जाते आहे हे कळलं की त्यांचा आवाज खाली येतो.

आईची भीती स्थळाची आहे, त्याकडे शेवटी येते. आत्यांना उत्तर देऊ नकोस. त्या दोन दिवसांनी आपल्या गावी जातात. तुझी फी, तुझी वेळ आणि तुझं ताट ज्यांच्या हातात आहे, त्यांच्याशीच बोलण्यात ताकद घाल.

आणखी एक. २०२३ साली पहिली महिला महाराष्ट्र केसरी सांगलीतच झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. अभिमानाची गोष्ट आहे, पण घरात वाद घालताना हे नाव पुढे करू नकोस. "ती खेळाडू आहे, तुला कुठं गदा आणायची आहे?" एवढ्यावर तुझं बोलणं संपेल. त्यापेक्षा घराबाहेर बोट दाखव. वाळव्याकडे फडात उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीला लावलेल्या फळीवरून चढणाऱ्या बायकांना कोणी गड्यागत म्हणत नाही, कारण त्या कामाचे पैसे येतात. बाईच्या अंगात बळ असणं या भागाला नवीन नाही. ते तिने स्वतःसाठी कमावणं नवीन आहे. आईशी हे शांतपणे बोल, भांडणात नको.

घरचे जिथे बरोबर आहेत तिथे ऐकायचं. जिममधला कोणी सुट्या डब्यातली पावडर, गोळी किंवा इंजेक्शन देऊ लागला तर घ्यायचं नाही. स्नायू फुगवायच्या स्टेरॉइडने बाईचा आवाज घोगरा होतो, चेहऱ्यावर केस येतात, आणि औषध थांबवल्यावरही आवाज पूर्ववत होईलच असं नाही. तुझ्या वडिलांना "पावडर" या शब्दाची धास्ती आहे ती याचमुळे, आणि ती रास्त आहे.

शिवाय तुला पावडरची गरजही नाही. तुझं वजन ५५ किलो, म्हणजे किलोमागे दीड ग्रॅम धरून दिवसाला ८० ते ८५ ग्रॅम प्रथिनं हवीत. ज्वारीच्या तीन भाकरींतून साधारण १८ मिळतात. कच्ची ५० ग्रॅम मटकी भिजवून उसळ केली तर १२, ४० ग्रॅम तूरडाळीचं वरण ९, अर्धा लिटर दूध १६, वाटीभर दही ७, मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाणे ७. उरलं ३० ग्रॅम सोयाबीन वड्यांतून, १५. वड्या सोडल्या तर सगळं घरात रोज असतंच, त्यामुळे "हिच्यासाठी वेगळं कोण शिजवणार" हा प्रश्नच निघत नाही. मांसाहाराच्या वारी दोन अंडी खाल्लीस तर १२ ग्रॅमची सोय झाली, तेव्हा वड्या नकोत. गडबड होते ती उपवासाला. साबुदाण्यात प्रथिनं जवळपास नसतातच. त्या दिवशी दूध, दही, शेंगदाणे, राजगिरा घे आणि जड स्क्वॉट दुसऱ्या दिवसावर ढकल. नवरात्राचे नऊ दिवस करत असशील, तर तो आठवडा मुद्दाम निम्म्या वजनावर काढ.

व्यायाम आठवड्यातून तीन दिवसच ठेव. "फक्त पायांचं करते, खांदे सोडते" असं लिहिलंस, ते मला पटलं नाही. खांदा आणि पाठ सोडलीस तर डेडलिफ्टला, म्हणजे जमिनीवरून रॉड उचलताना, मागची बाजू धरून राहत नाही आणि कंबर दुखते. तुमच्या जिममध्ये मोठ्या चकत्या कमी आहेत, म्हणून रॉडला पाच-पाच किलोच्या लावतेस. त्या आकाराने लहान असतात, रॉड जमिनीलगत येतो आणि वाकताना पाठ गोल होते. दोन्हीकडच्या चकत्यांखाली विटा किंवा जाड फळ्या ठेव, रॉड नडगीच्या मध्यावर आला पाहिजे. तीन सेट आठ-आठचे स्वच्छ निघाले की स्क्वॉटला अडीच किलो वाढव. खांद्याच्या प्रेसला, म्हणजे रॉड डोक्यावर ढकलताना, एकदम अडीच किलो झेपत नाहीत, तिथे आठाचे दहा कर आणि मग वजन वाढव. हाताला घट्टे पडतात म्हणून आई चिडते ना? रॉड तळव्यात न धरता बोटांच्या मुळाशी धर, आणि आंघोळीच्या वेळी घट्टे वज्रीने हलके घास.

आता स्थळ. आईला म्हणावं, बायोडेटात लिहून टाक: "आठवड्यातून तीन दिवस सकाळी जिमला जाते, लग्नानंतरही जाणार." काही घरं तिथेच गळतील आणि आईला वाईट वाटेल, त्या दिवशी तिच्याजवळ बस. पण दंड झाकून ठरलेलं लग्न पुढे रोज झाकत बसावं लागतं, आणि जिमची फी पहिल्याच महिन्यात बंद होते. चहापोह्यांना तुला आवडते तीच बाही घाल. मुलाला दोन गोष्टी थेट विचार: सकाळी सहा ते सात घरात कोण काय करतं, आणि स्वयंपाकाला किती हात आहेत. तुझा व्यायाम टिकेल की नाही, हे या दोन उत्तरांतून बरंचसं समजतं.

पुढच्या पत्रात सात दिवसांचं जेवण लिहून पाठव, भाकऱ्या मोजून. सोबत सकाळचं वजन, गेल्या दोन पाळ्यांच्या तारखा, आणि विटा ठेवल्यावर डेडलिफ्टला पाठ सरळ राहते का, तेही कळव. बाजूने काढलेला व्हिडिओ असेल तर फार बरं.

तुझी,
ताई