पार्लरमधलं इंजेक्शन घेऊ का? वाचकांचे प्रश्न, स्किनच्या डॉक्टरांची उत्तरं

प्रश्न : नमस्कार मॅडम, मी सांगलीची, वय 26, पाच आठवड्यांनी लग्न आहे. डबल चिन आहे मला, साखरपुड्याच्या फोटोत फारच दिसली. जिथे ब्रायडल पॅकेज घेतलंय त्या पार्लरवाल्या ताई म्हणतात, हनुवटीखाली फॅट विरघळवायचं इंजेक्शन देते, एका सिटिंगमध्ये काम होईल, आणि रंग उजळायला ग्लुटाथायोनची ड्रिप लावू. बाटलीचा फोटो पाठवतेय. 5000 ॲडव्हान्स दिलाय, आईला सांगितलेलं नाही. घेऊ का?

उत्तर : नको गं. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं सगळं वाचून होईपर्यंत तू तिकडे जाऊन बसायला नको.

तू पाठवलेला फोटो मी मोठा करून करून बघितला. लेबल सगळं कोरियन अक्षरांत, एक्सपायरीच्या जागी कुणीतरी मार्करने तारीख लिहिलीय, बॅच नंबर दिसत नाही, भारतात कुणी आणलं त्या कंपनीचं नाव-पत्ता नाही, लायसन्स नंबर नाही. म्हणजे आत काय आहे ते तुला माहीत नाही, मला नाही आणि टोचणाऱ्या ताईंनाही नाही. आणि एक गोष्ट लोकांना खरंच माहीत नसते, आपल्या 1940 च्या ड्रग्ज अँड कॉस्मेटिक्स कायद्यात कॉस्मेटिक म्हणजे अंगाला चोळायची, ओतायची, शिंपडायची, फवारायची, लावायची वस्तू. सुईने आत जाणारी गोष्ट त्यात बसतच नाही, ते औषध झालं. त्यामुळे फेशियल आणि हे इंजेक्शन एकाच रेटकार्डवर दिसलं तरी ती एका जातीची गोष्ट नाही.

आता खरं औषध काय आहे ते सांगते. डीऑक्सिकोलिक ॲसिड. हे आपल्या पित्तातच असतं, जेवणातली चरबी फोडायचं काम करतं. तेच हनुवटीखाली टोचलं की चरबीच्या पेशीचं आवरण फुटतं, आणि मग शरीर तो कचरा हळूहळू, आठवडेच्या आठवडे घेऊन साफ करतं. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथे औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने, 2015 मध्ये याला परवानगी दिली ती फक्त हनुवटीखालच्या चरबीसाठी. एकेक सेंटिमीटर अंतर ठेवून बारीक बारीक टोचे, एका वेळी 50 पर्यंत, दोन सिटिंगच्या मध्ये किमान एक महिन्याचं अंतर, आणि जास्तीत जास्त सहा सिटिंग. आता तूच हिशोब कर, तुझ्याकडे पाच आठवडे आहेत. शिवाय पेशी फुटल्या की सूज येणारच, पहिले काही दिवस हनुवटी आहे त्याच्यापेक्षा मोठी दिसते, काळंनिळं होतं, बधिरपणा तर कितीतरी दिवस राहतो. हळदीच्या फोटोत ते हवंय का तुला?

त्यात जबड्याच्या कडेने एक बारीक नस जाते, खालचा ओठ हलवणारी. तिला धक्का लागला की हसताना तोंड एका बाजूला जातं. नीट केलेल्या ट्रायल्समध्ये सुद्धा शंभरात साधारण चार जणांना हे झालं होतं, बहुतेकांचं काही आठवड्यांत सुधारतं, पण तेवढे आठवडे तुझ्याकडे नाहीत. ही नस कुठून जाते ते ज्याला माहीत नाही त्याने तिथे सुई धरूच नये.

माझ्याकडे एक मुलगी आली होती, अशीच कुठेतरी इंजेक्शनं घेऊन. हनुवटीखाली वाटाण्याएवढ्या पाच-सहा गाठी, लालभडक, एकीतून पू येत होता. साध्या अँटिबायोटिकला दाद देईनात, तपासणीत टीबीच्याच जातकुळीतले जंतू निघाले. कित्येक महिने औषधं चालली, गाठी गेल्या पण डाग राहिले. ती दर वेळी ओढणी गळ्याभोवती गुंडाळूनच यायची, ते मला अजून विसरता येत नाही.

ग्लुटाथायोनबद्दल. रंग उजळायला म्हणून ही ड्रिप मंजूर नाही. फिलिपिन्समध्ये याचं फार पेव फुटलं होतं, तिथल्या एफडीएने 2011 मध्येच लोकांना सावध केलं होतं, अंगावरची कातडी सोलून निघावी इतकी गंभीर रिॲक्शन, थायरॉईड, किडनी हे सगळं त्यात होतं. आणि बाई, तुझा सावळा रंग हा काही आजार नाही की त्यासाठी शिरेत सुई घालावी, हे मी अगदी मनापासून सांगतेय.

मग करायचं काय, तर आत्ता रोज सकाळी सनस्क्रीन, आणि नवीन क्रीम कुठलंही सुरू करायचं नाही. हनुवटीखाली दिसतंय ती चरबीच आहे की थायरॉईडची सूज आहे हे एकदा डॉक्टरांना हाताने तपासून बघू दे, मी हे दोनदा चुकलेलं पाहिलंय. ॲडव्हान्स मेकअपच्या बिलात वळता करून घे. आणि आईला सांग गं.

प्रश्न : मी 48, शाळेत शिक्षिका, वाशी. कपाळावर आठ्या आहेत आणि ओठांच्या बाजूला रेषा. बोटॉक्स करू की फिलर? दोन्ही एकच ना? मैत्रीण म्हणते या वयात कशाला हौस.

उत्तर : हौस असली तर काय बिघडलं, चेहरा तुमचा आहे. पण दोन्ही एकच नाहीत. बोटॉक्स स्नायू ढिला करतं. 1987 मध्ये कॅनडात व्हँकुव्हरला जीन कॅरुथर्स म्हणून डोळ्यांच्या डॉक्टर होत्या, पापण्या सारख्या फडफडणाऱ्या पेशंटना त्या हे द्यायच्या, त्यातल्या एकीच्या भुवयांमधल्या आठ्याच गेल्या, तिथून हे सुरू झालं. परिणाम दोन आठवड्यांत पूर्ण दिसतो, तीन-चार महिन्यांनी उतरतो. कपाळाला हे. ओठांच्या बाजूच्या रेषा खोलगट असतात, तिथे फिलर, म्हणजे बहुतेक वेळा हायलुरोनिक ॲसिडची जेल.

फिलरचा धोका वेगळा आहे, जेल चुकून रक्तवाहिनीत गेली तर पुढचा रक्तपुरवठा बंद, कातडी मरू शकते, क्वचित नजर जाते. म्हणून डॉक्टरांना एकच सरळ प्रश्न विचारा, हायलुरोनिडेज तुमच्या क्लिनिकमध्ये आत्ता आहे का? ही जेल विरघळवणारं औषध ते. फ्रीजमधून काढून दाखवलं तर पुढे बोला, उद्या मागवतो म्हणाले तर उठून या. टोचल्यावर जागा पांढरी पडली, जाळीसारखे निळसर डाग आले, दुखणं वाढत गेलं, डोळ्यापुढे अंधारी आली, तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी फोन करायचा. रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, स्वतःच बंद करू नका. आणि डॉक्टर त्वचेचे एमडी किंवा प्लास्टिक सर्जन आहेत ना, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर विचारायला संकोच कसला, पेशंटने विचारलं तर मला आनंदच होतो.

प्रश्न : पोटाला फॅटचं इंजेक्शन घेतलं तर ढेरी जाईल का? वय 39, आयटीत आहे, पुणे.

उत्तर : नाही हो दादा. ढेरीतली बरीचशी चरबी पोटाच्या स्नायूंच्या आत, आतड्यांभोवती असते, बाहेरून टोचलेली सुई तिथे पोचतच नाही. 2025 मध्ये आपल्याकडे आलेली मौंजारो, वेगोव्ही ही इंजेक्शनं वेगळी, ती भूक कमी करून सगळ्या शरीराचं वजन उतरवतात, ती फिजिशियनच्या देखरेखीखालीच, मित्राने आणून दिली म्हणून नाही. तुम्ही आधी बेंबीच्या लेव्हलला टेप लावून घेर मोजा, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता. मग उपाशीपोटीची शुगर, लिपिड आणि लिव्हरचे रिपोर्ट करून घ्या आणि ते घेऊन फिजिशियनकडे जा.